रंगहीन द्रव

मार्लिस हाउगडालला हॉस्टेलातली पोरं आवडत नसत, आणि एकोणतीस वर्षांत तिनं हे कधी लपवलं नाही. पोरांनाही ती आवडत नसे, त्यामुळे फिट्टंफाट होती. सकाळी सहाला ती बादलीची गाडी ढकलत तिसऱ्या मजल्यावर यायची, गाडीची चाकं कुरकुरायची, आणि कुठल्यातरी खोलीतून आवाज यायचा, "आली बया!" मार्लिस मुद्दाम त्याच दारासमोर बादली आपटायची.

दारूवर तिचा राग होता असं कोणी समजू नये. तिचा नवरा गॉर्डी दर शुक्रवारी माजी सैनिकांच्या क्लबात दोन बिअर घ्यायचा, ती शेजारी बसून एक ब्रँडी घ्यायची. नाताळात दोन. "प्या की," ती म्हणायची, "पोट फुटेस्तोवर प्या. पण ओकलात की ते आपलं आपण पुसा." पण इथंच सगळं घोडं अडायचं. अख्ख्या कॅम्पसवर दारूबंदी. त्यामुळे पोरं खोलीत लपून प्यायची, घाईघाईनं, कोणी यायच्या आत संपवायला म्हणून एका दमात प्यायची. बंदी करणारे लोक डोंगरापलीकडच्या गावात राहत असावेत, कारण रविवारी सकाळी त्यातला एकही माणूस फडकं घेऊन आलेला मार्लिसनं पाहिला नव्हता.

कोणाकडे बाटली सापडली तर करायचं काय हेही ठरलेलं होतं. ज्याची बाटली त्यानंच ती सिंकमध्ये ओतायची. कर्मचाऱ्यानं समोर उभं राहून बघायचं, हात लावायचा नाही. मग फॉर्म भरायचा. हा फॉर्म कोणीही कर्मचारी भरू शकत असे. बाकीचे सफाईवाले तिकडे ढुंकूनही बघत नसत. कोण त्या भानगडीत पडतो! मार्लिस पडायची. फॉर्मचा अख्खा गठ्ठा तिच्या झाडूच्या खोलीत, फिनेलच्या वरच्या फळीवर असायचा. नुसती रिकामी बाटली असली तर तोंडी समज, दारू असली तर एक गुन्हा. तीन गुन्हे झाले की हॉस्टेल बंद. आणि पहिल्या वर्षाला हॉस्टेल सक्तीचं, म्हणजे हॉस्टेल बंद तर शिक्षणही बंद. एवढी ताकद त्या कागदात होती, आणि खरं सांगायचं तर मार्लिसला ती आवडायची. उभ्या जन्मात तिच्या हातात दुसरी कसली ताकद आली होती?

टेगन ब्रॉकहॉफ ही पोरगी ३१२ नंबरच्या खोलीत ऑगस्टच्या शेवटी राहायला आली. लालसर केस, मोठा आवाज, आणि पायात नांगरटीच्या शेतात घालतात तसले बूट. सोबतची मुलगी ब्रिटा सोरम, शांत, सारखी सर्दी झालेली. दुसऱ्याच आठवड्यात मार्लिसनं कॉरिडॉर पुसून नुकती कुठं पाठ ताठ केली होती, तर ही टेगन बाहेरून आली ती चिखलाच्या बुटांसकट सरळ मधोमध चालत गेली.

"ए पोरी! फरशी ओली आहे, दिसत नाही का?"

टेगननं मागं वळून आपल्याच पायांचे ठसे पाहिले. मग हसली. "त्याचाच पगार मिळतो ना तुम्हाला?"

दारात उभ्या असलेल्या चार पोरी खो खो हसल्या. मार्लिसच्या तळपायाची आग मस्तकात गेली. एकोणतीस वर्षांत तिनं याहून वाईट ऐकलं होतं, पण झिंगलेल्यांकडून. ही शुद्धीत होती. शुद्धीत असून म्हणाली! मार्लिसनं ठसे पुसले आणि खोलीचा नंबर मनात पक्का केला.

दहा दिवसांनी तिला हवं ते सापडलं. ३१२ चा कचरा घ्यायला ती आत गेली, तर खिडकीत वाइनची बाटली. बाटलीत पाणी, पाण्यात मनी प्लँटची फांदी, तिला बारीक पांढरी मुळं फुटलेली. टेगननं ती घरून आणली होती; तिच्या आईच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत तोच वेल होता. हे टेगननं नंतर सांगितलं. तेव्हा मार्लिसनं वेलाबद्दल काही विचारलंच नाही.

"ही कोणाची?"

"माझी. का?"

"उचल. बाथरूममध्ये चल."

"अहो, पाणी आहे त्यात! झाड आहे!"

"नियम माहीत आहे ना? ज्याची बाटली त्यानं ओतायची. चल, मला अजून दोन मजले करायचेत."

सकाळची वेळ, बाथरूममध्ये दात घासणाऱ्या पोरींची गर्दी. टेगन सगळ्यांसमोर सिंकपाशी उभी राहिली, फांदी उपसून हातात धरली आणि बाटली उलटी केली. कोणीतरी टाळ्या वाजवल्या. कोणीतरी म्हणालं, "बिच्चारी झाडाला पाजत होती!" टेगनचे कान लाल झाले. मार्लिस हाताची घडी घालून बघत होती, आणि तिला बरं वाटत होतं. खोटं कशाला बोला, फार बरं वाटत होतं.

फॉर्मवर एक रकाना होता, 'बाटलीत काय होतं'. मार्लिसनं पेन टेकवलं. पाणी असं लिहिलं तर तोंडी समज, आणि मामला खलास. तिनं लिहिलं: 'रंगहीन द्रव. विद्यार्थिनीने माझ्यासमोर ओतला.' त्यातला एकही शब्द खोटा नव्हता. रंगहीन द्रव म्हणजे व्होडका हे वरच्यांनी आपलं आपण समजून घेतलं. हॉस्टेलचा मॅनेजर डेरिक ऑसगुड, जो प्रत्येक वाक्यात एकदा तरी 'आपलं कुटुंब' म्हणायचा, त्यानं टेगनला बोलावून घेतलं. टेगन घसा फोडून सांगत होती की ते पाणी होतं. डेरिक मान हलवत म्हणाला, "सगळे असंच म्हणतात, टेगन." पहिला गुन्हा नोंदला गेला.

नोव्हेंबरात त्याच खोलीच्या फ्रिजमध्ये दुधामागं बिअरचे दोन कॅन सापडले. ते मार्लिसला नाही, डेरिकलाच सापडले, आणि ते खरे होते, टेगनचेच. दुसरा गुन्हा. त्यानंतर मार्लिस दिसली की टेगन नुसती थांबायची आणि रोखून बघायची. मार्लिसही काही कमी नव्हती. दोघी कॉरिडॉरमध्ये समोरासमोर आल्या की बाकीच्या पोरी भिंतीला चिकटून वाट द्यायच्या. जूनमध्ये मार्लिसची तीस वर्षं भरणार होती. तीस भरली की युनिव्हर्सिटीचा शिक्का असलेली झुलती खुर्ची मिळते. गॉर्डीनं ती ठेवायला शेगडीजवळची जागा आत्तापासूनच मोकळी केली होती.

मार्चमधल्या एका रविवारची गोष्ट. सकाळचे सव्वासात. बाहेर अजून बर्फाचे ढीग. मार्लिसनं बाथरूमचं दार ढकललं तर ते अर्ध्यावर अडलं. दारामागं कोणाचे तरी पाय होते.

ब्रिटा सोरम फरशीवर कुशीला पडली होती. पाठीवर तिचं दप्तर बांधलेलं, जाडजूड पुस्तकं कोंबून फुगवलेलं, पट्टे छातीवर आवळलेले. मार्लिसला ते बघून नवल वाटलं नाही. झिंगून पडलेलं माणूस उताणं होऊ नये, उलटी घशात जाऊ नये, म्हणून ही पोरं एकमेकांच्या पाठीवर दप्तरं बांधतात. दर वर्षीची नवी पोरं ते करतात; त्यांना हे कोण शिकवतं देव जाणे. पण ब्रिटाचे ओठ राखाडी पडले होते, आणि हे मार्लिसनं आधी कधी पाहिलं नव्हतं.

शेजारी टेगन भिंतीला टेकून बसली होती. डोळे सुजलेले, एक हात ब्रिटाच्या बरगड्यांवर.

"श्वास चालू आहे," ती म्हणाली. "मी मोजतेय. मिनिटाला आठ. मघाशी नऊ होते."

"फोन केलास?"

टेगननं दुसऱ्या हातातला फोन पाठीमागं लपवला.

"अगं फोन केलास का?"

"नका करू. प्लीज. उठेल ती. ती फक्त तो व्होडका मिसळलेला गॅलनचा कॅन… अर्धाच प्यायली. मी दोनच ग्लास घेतले. नका ना करू!"

मार्लिसनं एप्रनमधून फोन काढला. टेगननं झडप घातली आणि तिचं मनगट धरलं, इतकं जोरात की नखं रुतली. मार्लिसनं दुसऱ्या हातानं तिला ढकललं आणि ती सिंकवर जाऊन आदळली.

"नालायक कार्टे! मरतेय ती!"

बरोबर त्या सिंकच्या वर, आरशाशेजारी, हातभर लांबीचा कागद चिकटवलेला होता. मार्लिस रोज त्याच्यावरचे टूथपेस्टचे शिंतोडे पुसायची. कागदावर लिहिलं होतं की दारू पिऊन कोणी बेशुद्ध पडलं तर फोन करा, स्वतःचं नाव सांगा, मदत येईपर्यंत तिथंच थांबा. फोन करणाऱ्याला शिक्षा होणार नाही. टेगन पहाटे तीनपासून त्या कागदाखाली बसून होती.

ॲम्ब्युलन्सवाल्या बाईनं आल्या आल्या कात्रीनं दप्तराचे पट्टे कापले. "हे कोणी बांधलं?"

"मी," टेगन म्हणाली. "ती उताणी होऊ नये म्हणून."

"छातीवर एवढं आवळलंस की श्वासाला जागाच नाही. अजून तासभर राहिली असती तर स्ट्रेचर नसतं लागलं, दुसरंच काही लागलं असतं."

टेगन तिथंच खाली बसली. मार्लिसनं मनगटावरचं रक्त फडक्याला पुसलं आणि तिच्याकडं बघितलंही नाही.

ब्रिटा वाचली. तीन दिवस इस्पितळात राहून आईबापांबरोबर घरी गेली. इकडे टेगनवर तिसरा गुन्हा लागला. दारू प्यायली, मदत अडवली, कर्मचाऱ्याला इजा केली. गुरुवारी दुपारी समितीपुढं सुनावणी ठेवली. डेरिक मार्लिसला म्हणाला, "काळजी करू नका, तुम्हाला फक्त खरं सांगायचंय. दोन आधीचे आहेतच. हा तिसरा. आपल्या कुटुंबासाठी दुःखद आहे, पण ती जाणार." मार्लिस म्हणाली, "जाऊ दे. पीडा टळेल." त्या रात्री तिनं पोटभर जेवण केलं आणि गॉर्डीला मनगट दाखवलं.

समितीच्या खोलीत लांब टेबल, पाण्याचा जग, आणि मधे अध्यक्ष विटकॉम्बबाई. अगदी सभ्य, अगदी थंड. टेगन एकटी बसली होती, कोणाचा तरी मापात न बसणारा कोट घालून. मार्लिसनं घडलं ते सांगितलं, एक शब्द इकडचा तिकडं केला नाही. मनगट पुढं केलं. विटकॉम्बबाईंनी लिहून घेतलं आणि टेगनकडं वळल्या.

"तो सूचनेचा कागद तुमच्या डोक्यावर होता. फोन केला असता तर तुम्हाला काहीही झालं नसतं. हे तुम्हाला माहीत होतं?"

"वाचलं होतं."

"मग का केला नाहीत?"

"कारण विश्वास नव्हता!" टेगन उसळली. "सप्टेंबरमध्ये मी सांगत होते, ते पाणी आहे, पाणी आहे! झाड होतं त्यात! कोणी ऐकलं? हे डेरिक म्हणाले, सगळे असंच म्हणतात. त्या बाईंनी लिहिलं आणि ते खरं झालं. मग तुमच्या त्या कागदावर लिहिलंय ते मी का खरं मानायचं? फोन केला असता तर तुम्ही म्हणाला असता, आधीचे दोन गुन्हे बघा. तीन भरले असते. मला वाटलं श्वास मोजत बसावं. मला वाटलं ती उठेल."

"त्या बाईंचा राग आहे तुम्हाला," विटकॉम्बबाई म्हणाल्या.

"आहेच! आणि त्यांना माझा. विचारा की त्यांना! पहिल्या दिवसापासून मला हाकलायला टपल्यात त्या!"

डेरिक खाकरला. "टेगन, सभ्यपणे बोल."

विटकॉम्बबाईंनी फाइलमधून सप्टेंबरचा फॉर्म काढला. चष्मा वर केला. "रंगहीन द्रव," त्यांनी वाचलं. "हाउगडालबाई, हे तुम्हीच लिहिलंय ना? केवळ नोंदीसाठी विचारते."

हो म्हणायचं होतं, बस. एक शब्द, आणि टेगन ब्रॉकहॉफ शनिवारपर्यंत गाडीत बसून घरी गेली असती. मार्लिसनं त्या पोरीकडं पाहिलं. अजूनही तिचं तोंड बघवत नव्हतं. तीच मान ताठ, तीच नजर. दया आली म्हणावं तर तसंही नव्हतं. पण तिला दिसत होते ते राखाडी ओठ, आणि बरगड्यांवर ठेवलेला तो हात, मिनिटाला आठ मोजणारा. ती पोरगी चार तास फोन हातात घेऊन बसली होती, आणि तो फोन मार्लिसच्या एका ओळीनं अडवून धरला होता. लाज वाटली तिला. म्हातारपणी, सगळ्यांदेखत, पोटातून लाज वाटली.

"मीच लिहिलं," ती म्हणाली. "पाणी होतं ते."

"काय?"

"पाणी. नळाचं. मनी प्लँटची फांदी होती त्यात, मुळं फुटलेली. मला दिसत होतं. ओतताना वासही घेतला मी, कसलाच नव्हता."

डेरिकनं घाईनं हात वर केला. "मार्लिस, तुम्हाला नीट आठवत नसेल, बराच काळ…"

"तू गप बस रे! मला सगळं आठवतंय. पाणी लिहिलं असतं तर नुसती समज मिळाली असती, म्हणून नाही लिहिलं. ही मला पोरींसमोर घालून पाडून बोलली होती, त्याचा सूड काढला मी. बाथरूमभर पोरींसमोर हिला झाडाचं पाणी ओतायला लावलं. त्याचा गुन्हा होत नाही. दोनच झालेत तिचे, तीन नाही."

विटकॉम्बबाईंनी चष्मा काढून ठेवला.

"हाउगडालबाई, खोटा अहवाल देणं म्हणजे काय होतं, कल्पना आहे ना?"

"एकोणतीस वर्षं झाली मला इथं. नियम मला पाठ आहेत."

टेगनला वर्ष संपेपर्यंत देखरेखीखाली राहायला लावलं, दारूच्या दुष्परिणामांचा बुधवारचा वर्ग लावला, मार्लिसची लेखी माफी मागायला लावली. पण खोली राहिली, शिक्षण राहिलं. मार्लिसला शुक्रवारी संध्याकाळी चार वाजता किल्ल्या जमा करायला सांगितलं. खुर्चीचा विषय कोणी काढला नाही. घरी गॉर्डी चिडला, "तुला कोणी विचारलं होतं गं? हो म्हणून मोकळी झाली असतीस!" दोन दिवस तो धड बोलला नाही. शेगडीजवळ त्यानं लाकडं रचून ठेवली.

शुक्रवारी दुपारी मार्लिसनं शेवटचा म्हणून तिसऱ्या मजल्याचा कॉरिडॉर पुसायला घेतला. सक्ती नव्हती, पण अर्ध्यावर सोडायची सवय नव्हती. ३१२ चं दार उघडलं. टेगन बाहेर आली, पायात तेच बूट, बर्फाचा गाळ लागलेले. हातात एक पाकीट.

"ही माफी. लिहायला लावलीय म्हणून लिहिलीय."

"ठेव गाडीवर."

टेगननं पाकीट फिनेलच्या डब्याखाली सरकवलं. गेली नाही. "मी तुमचे आभार मानणार नाहीये."

"मागितले कोणी?"

"सहा महिने. सहा महिने मी सगळ्यांना सांगत होते की ते पाणी होतं. आईसुद्धा फोनवर म्हणाली, खरं सांग बाळा. आईसुद्धा!"

मार्लिसनं फडकं पिळलं. बोलायचं तिच्या जिवावर आलं होतं, पण न बोलता जायचं तरी कसं! "ब्रिटाला काही झालं असतं," ती म्हणाली, "तर ते माझ्यामुळं झालं असतं."

ती पोरगी नाही म्हणेल असं तिला वाटलं होतं का? कोणास ठाऊक. वाटलं असेल थोडंसं. एवढं सगळं घालवून बसल्यावर माणसाला वाटतं.

"हो," टेगन म्हणाली. "तुमच्यामुळंच."

आणि ती निघाली. कडेनं कोरडी पट्टी होती. मार्लिस ती नेहमी मुद्दाम ठेवायची. टेगन त्या पट्टीवरून गेली नाही. ओल्या फरशीवरून, मधोमध, एकेक पाऊल दाबून ठेवत ती जिन्यापर्यंत गेली, आणि एकदाही मागं वळली नाही.

मार्लिसनं फडकं परत बादलीत बुडवलं, पिळलं, आणि दारापासून जिन्यापर्यंतचे ठसे एकेक करून पुसले. त्याचाच पगार मिळत होता तिला, चार वाजेपर्यंत.